दारफाळणीचं पान

लातूर
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय सुदर्शन वडजे सर,
स. न.

मी दिना झिराडकर, नववी ब. तुम्ही लिहिलेला 'किशोर धर्मओळख' हा ग्रंथ आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे. त्यावर 'फक्त संदर्भासाठी' असा शिक्का असल्यामुळे बाई तो कपाटापासून दोन हातांच्या पुढे नेऊ देत नाहीत. म्हणून मी आणि माझी मैत्रीण कहकशां, दोघींनी तो मधल्या सुट्टीत उभ्या-उभ्या वाचला. आम्हाला प्रकल्प आहे, आपापल्या धर्माची माहिती लिहा. बाकीच्यांना ती घरबसल्या मिळाली. माझा धर्म तुमच्या पुस्तकात पान ४४ ते ४७ वर आहे.

सर, पान ४४ वर लिहिलंय की महाराष्ट्रातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, 'सर्वच्या सर्व इस्राएलला निघून गेले'. आम्ही गेलो नाही. आम्ही औसा रोडला राहतो. बाबा वीज मंडळात आहेत, म्हणजे आम्ही गेलो असतो तर गल्लीला लगेच कळलं असतं. पान ४५ वरचा फोटो सिनेगॉगचा नाही, चर्चचा आहे. वर क्रॉस आहे, तो कहकशांला चष्म्याशिवाय दिसला. आणि पान ४७ वर योम किप्पूरबद्दल तुम्ही लिहिता की त्या दिवशी उपवास केला की वर्षाची पापं धुतली जातात, 'जणू ज्यूंचं गंगास्नानच'. हे मी आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "इतकं सोपं असतं तर मी आणखी दोन-चार केली असती."

तरी मी तुमचंच पुस्तक वापरणार आहे, कारण मराठीत माझ्या वयाला कळेल असं दुसरं मिळालंच नाही. इंग्रजी वेबसाइटी आहेत, पण त्या आधी विचारतात की तुमच्या जवळचं सिनेगॉग कोणतं. नकाशा पुण्यापर्यंत जातो आणि गप्प बसतो. वर्गातली मुलं विचारतात, "तुमचं युद्ध कधी थांबणार गं?" जसं काही मी सुरू करून आले.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या पुस्तकात सणांची नावं आमच्या घरातली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, आणि योम किप्पूरला दारफाळणीचा सण, म्हणजे दार लावून घ्यायचा दिवस. आजी म्हणते, ही नावं कोकणातल्या आपल्या म्हाताऱ्यांशिवाय कुणाला माहीत नाहीत. तुमच्या संदर्भसूचीत शेवटी लिहिलंय, 'एक हस्तलिखित वही (खाजगी संग्रह)'. ही वही कुठे बघायला मिळेल? आमच्या पणजोबांची अशीच एक वही होती. ती फार वर्षांपूर्वी कंधारला हरवली.

पुस्तकात तुमचा फोन नव्हता, म्हणून प्रकाशकांच्या पत्त्यावर लिहिते आहे.

आपली,
दिना झिराडकर


नांदेड
२९ ऑगस्ट २०२५

चि. दिना,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र प्रकाशकानं पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: 'वाचकाचं पत्र आलंय, तेही हातानं लिहिलेलं, जपून ठेवा.' तीस वर्षं वर्तमानपत्रात तिरकस सदर लिहून राहिलोय, पण माझ्या चुका इतक्या ओळीत उभ्या करून कुणी त्यांची हजेरी घेतली नव्हती.

तुझे तिन्ही मुद्दे मान्य. फोटो चित्रकारानं टाकला. त्याला मी 'प्रार्थनास्थळ' एवढंच सांगितलं होतं, आणि त्याला ते घराजवळ सापडलं. तुम्हा सर्वांना इस्राएलला मीच पाठवलं, त्याबद्दल दिलगीर आहे. गंगास्नानाचं वाक्य तर शंभर टक्के माझं. प्रकाशकाला चार दिवसांत अकरा धर्म हवे होते. त्या वेगानं तुमच्या वाट्याला गंगा आली हे नशीब समज. पारशांना काय दिलंय ते वाचू नकोस.

वहीबद्दल मात्र नाइलाज आहे. ज्यांच्या संग्रहात ती आहे ते गृहस्थ वयस्कर, एककल्ली, आणि नाव घेतलेलं त्यांना चालत नाही. मलाही त्यांनी ती घाईघाईत दाखवली. अशा वह्या कोकणातल्या बऱ्याच घरांत असतील. तुमचीच असेल असं कशावरून? तू प्रकल्पाला एवढं खोल जाऊ नकोस. नववीच्या मास्तरांना खोलीची सवय नसते.

बाकी तू अशी चौकस निघालीस यात नवल नाही. डॉक्टरसाहेबांच्या घरातली मुलगी दुसरी कशी असणार! आजींना माझा नमस्कार सांग. तब्येत बरी आहे ना त्यांची?

तुझा,
सुदर्शन वडजे


लातूर
६ सप्टेंबर २०२५

आदरणीय वडजे सर,

तुमचं पत्र मी आणि कहकशांनी दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे, तीही वाचली. तिच्यात बाबा आहेत, आजी आहे, पणजोबा आहेत. आजोबा कुठेच नाहीत. ते डॉक्टर होते, जनावरांचे, हे मी तुम्हाला लिहिलेलंच नाही.

कहकशां म्हणाली, "तुझे सर धरले गेले गं." मी आजीला सांगितलं. आजी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "वडजे म्हणजे कंधारचे? हणमंतराव वडज्यांचा मुलगा?" आणि मग बराच वेळ तिनं मेथीच निवडली.

नंतर तिनं सांगितलं ते असं. १९९१ साली आजोबा कंधारच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होते. बारावीतला एक मुलगा घरी यायचा. वडिलांच्या बैलाचं औषध न्यायला यायचा आणि दोन तास बसून प्रश्न विचारायचा. आजोबांना तो फार आवडायचा. निबंधस्पर्धेसाठी त्यानं पणजोबांची वही मागितली, आठ दिवसांसाठी. आजी नको म्हणत होती. आजोबा म्हणाले, "अगं, आपल्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा विचारतंय." महिन्यानं आजोबांनी कंपाउंडर मलप्पाला पाठवलं. मलप्पा परत आला आणि म्हणाला, "साहेब, वही बिलोलीच्या येष्टीत राहिली म्हणतंय पोरगं."

आजीनं मला ताकीद दिलीय की कुणावर आळ घ्यायचा नाही. म्हणून मी घेत नाही. तुम्ही फक्त त्या एककल्ली गृहस्थांना एवढं विचारा. वहीच्या शेवटी आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं आहेत. दारफाळणीच्या दिवशी आजी ती सगळी नावं म्हणते. आमच्यात मानतात की त्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात. दार बाहेरच्यांसाठी लावलेलं असतं, त्यांच्यासाठी नाही. आजीला नावं पाठ होती. मागच्या वर्षी ती सातव्या नावावर थांबली. पुढचं आलंच नाही. दिवसभर ती म्हणत होती, "कुणीतरी बाहेर उभं आहे आणि मला हाक मारता येईना."

यंदा दारफाळणी १ ऑक्टोबरला सूर्य मावळल्यावर लागते. त्याआधी तेवढं एक पान मिळालं तर बरं.

आणि गंगास्नानाबद्दल आजी नीट सांगते ते लिहून घ्या, दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडेल. उपवासानं मिटतात ती देवाशी केलेली पापं. माणसाशी केलेलं पाप देव हातात घेत नाही. ते त्या माणसाकडे जाऊन मिटवायचं, दारफाळणीच्या आधी. एकदा नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा जायचं, तरी नाही तर तिसऱ्यांदा.

दिना


नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

चि. दिना,

त्या गृहस्थांना विचारलं. सोबत शेवटच्या पानाची झेरॉक्स आहे. अकरा नावं आहेत. शाई फिकी झालीय, म्हणून खाली मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आहेत.

वहीचं म्हणशील तर मला वाटतं, त्या मुलाचं असं झालं असेल. निबंधाला पहिला नंबर आला. निबंधात त्याचं स्वतःचं काय होतं, तर नाव आणि हजेरी क्रमांक. बाकी सगळं वहीतून उचललेलं. वही परत दिली तर डॉक्टरसाहेब दोन्ही शेजारी ठेवून वाचतील, ही भीती. अठरा वर्षांच्या पोरांना भीतीपेक्षा एसटी सोपी वाटते. मग एक वर्ष जातं, दहा जातात. नंतर वही परत करायची म्हणजे वहीबरोबर इतक्या वर्षांचा हिशेबही द्यायचा. तो कुठून देणार? अशी माणसं मी पाहिली आहेत. ती वाईट नसतात, आळशीही नसतात. त्यांना फक्त त्या गल्लीतून जायचं नसतं. मग ती आयुष्यभर लांबच्या रस्त्यानं जातात आणि लोकांना वाटतं, यांना फिरायची हौस आहे.

त्या मुलाच्या वतीनं मी तुझ्या आजींची माफी मागतो.

तुझा,
सुदर्शन वडजे


लातूर
२० सप्टेंबर २०२५

वडजे सर,

पान मिळालं. आजीनं भिंगातून वाचलं. सातवं नाव समाजी होतं, तिथवर तिला येत होतं. आठवं येमाबाई. ते वाचून आजी एकदम हसली आणि म्हणाली, "हो गं, येमाआत्या! तिला तर उशीर झालेला मुळीच चालायचा नाही." मग ती आत जाऊन पलंगावर पडली. मी गेले नाही आत.

संध्याकाळी तिनं निरोप सांगितला. तिच्याच शब्दांत लिहिते: "पानाबद्दल आभार. पण माफी दुसऱ्याच्या वतीनं मागत नाहीत आणि दुसऱ्याच्या वतीनं देतही नाहीत. त्याला म्हणावं, हे धरलं नाही."

नंतर ती म्हणाली की वहीचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. ती गोष्ट तिनं बाबांनासुद्धा सांगितली नव्हती.

त्या वर्षी कंधारच्या दिवाळी अंकात एक विनोदी लेख आला, 'दार बंद, डॉक्टर आत'. कुणाचा ते तुम्हाला माहीत असेल. तालुक्याचा डॉक्टर वर्षातून एक दिवस दार लावून आत काय करतो, असा लेख. नाव बदललं होतं, पण तालुक्याला डॉक्टर एकच होता. लोक हसले. आजोबाही हसले म्हणे, "पोरगं लिहितंय बरं," असं म्हणाले.

पुढच्या वर्षी दारफाळणीला सकाळपासून दार वाजायला लागलं. पोरं वाजवायची आणि पळायची. मोठी माणसंही. कुणी ओरडायचं, "डाक्टरसाब, आत काय करून राहिले?" आजोबा पांढऱ्या कपड्यात, उपाशी, बसून होते. दुपारी एकानं दार वाजवलं आणि म्हणाला, "साहेब, बैल फुगलाय, जातोय हो." आजी म्हणाली, हे पण खोटंच असेल. आजोबा म्हणाले, "खरं असलं तर?" जीव वाचवायचा असेल तर आमच्यात त्या दिवशीसुद्धा सगळं चालतं. त्यांनी दार उघडलं, मोटारसायकल काढली, तसेच पांढऱ्या कपड्यात चार कोस गेले. पारावर पाच-सहा जण बसले होते. बैल रवंथ करत होता. एकाच्या हातात दिवाळी अंक होता. तो म्हणाला, "उघडलं की नाही दार? शर्त जिंकलो!"

आजोबा परत आले, हातपाय धुतले आणि दार लावलं. उन्हाळ्यात त्यांनी औशाला बदली मागून घेतली.

हे तुम्हाला माहीत होतं का? आजी म्हणते, माहीत नसणार. मी म्हणते, विचारलं नाही तर माहीत कसं असेल.

दिना


नांदेड
२५ सप्टेंबर २०२५

श्रीमती मिल्काबाई झिराडकर यांस,
सा. न.

हे पत्र दिनाच्या हातून येत असलं तरी आपल्याला आहे.

वही माझ्याकडे आहे. एककल्ली गृहस्थ मीच. एसटीत ती कधी चढलीच नव्हती. मी मलप्पाशी खोटं बोललो तेव्हा ती माझ्या गादीखाली होती आणि मी गादीवर बसलो होतो. पुढे ती लोखंडी पेटीत गेली. तीन घरं बदलली, पेटी बरोबर आली. माझ्या बायकोला, सिंधूला, वाटतं ती माझ्या आजोबांची आहे. अक्षर सुंदर आहे म्हणून ती पाहुण्यांना दाखवते आणि मी मान डोलावतो.

लेख माझाच. त्या लेखावर मी लेखक झालो. अंकाच्या प्रकाशनाला मी तो वाचून दाखवला तेव्हा सभागृह हसून-हसून मागे रेललं होतं. तो आवाज मला इतका आवडला की त्यानंतर मी दुसरा आवाज शोधलाच नाही. तो आता दर रविवारी काढतो, पाचशे शब्दांत.

बैलाचं मला माहीत नव्हतं. पण दिना म्हणते तेच खरं आहे, मी विचारलं नाही. डॉक्टरांची बदली झाल्याचं कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, कारण आता बाजारात समोर येण्याची भीती उरली नव्हती. माझ्या वडिलांच्या बैलाला त्यांनी दोनदा मरणाच्या दारातून आणलं होतं. वडील शेवटपर्यंत विचारायचे, "डॉक्टरसाहेबाचं काही कळतं का रे?" मी म्हणायचो, "इस्राएलला गेले." पुस्तकातलं ते वाक्य चुकून आलेलं नाही. ते आमच्या घरात आधीपासून होतं.

आणखी एक. आपण माफीचं सांगितलंत ते वहीच्या तेविसाव्या पानावर आहे. आपल्या सासऱ्यांनी लिहिलंय: 'माणसाचा गुन्हा आधी माणसापाशी मिटवावा, मग दार लावावं.' मुलांसाठी सण लिहायला बसलो तेव्हा हे पान माझ्यासमोर उघडं होतं. मी ते मिटलं आणि गंगास्नान लिहिलं. ते घाईत लिहिलेलं नव्हतं. त्या एका वाक्याला मी पूर्ण दुपार घेतली.

माझ्या स्वतःच्या नावानं, कुणाच्याही वतीनं नाही, आपली माफी मागतो. वही पोस्टानं पाठवत नाही. बुधवारी १ तारखेला, सूर्य मावळायच्या आधी, घेऊन येतो.

सुदर्शन हणमंतराव वडजे


२ ऑक्टोबर २०२५
तुमच्या पायरीवर

श्रीमती मिल्काबाई,

काल दुपारी निघालो. अहमदपूरच्या पुढे पुलावरून पाणी होतं, गाड्या थांबवल्या. आज सकाळी नऊला पोचलो. दार लागलं होतं.

आज वाजवायचं नसतं हे मला माहीत आहे. मला माहीत नसेल तर कुणाला असणार. मी बसलो आहे.

वही पिशवीत आहे. कोरडी आहे.

सुदर्शन


लातूर
५ ऑक्टोबर २०२५

वडजे काका,

(आजी म्हणाली, सर लिहू नकोस, तू त्याची विद्यार्थिनी नाहीस, झालंच तर उलट आहे.)

गुरुवारी संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर आम्ही दार उघडलं. पायरीवर साडीच्या दुकानाची पिशवी होती, तिच्यात वही, वर तुमची चिठ्ठी. तुम्ही नव्हता.

समोरच्या घरात कहकशां राहते. तिची आई, जोहराचाची, म्हणाली, "सकाळपासून बसला होता गं माणूस. दसरा होता, लोक येता-जाता सोनं देत होते, हा ते घेऊन खिशात ठेवायचा. मी म्हटलं, किसके यहाँ आए? तर म्हणाला, यांच्याचकडे. मी म्हटलं, आज वो दरवाजा नहीं खोलते, हमारे यहाँ बैठो. तर म्हणाला, नको, मी इथेच ठीक आहे. दुपारी जेवायला दिलं तर म्हणाला, आज नको. आणि दिवे लागणीला आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तसा उठला, पिशवी ठेवली आणि चपला हातात घेऊन गेला."

चपला हातात कशाला घेतल्या, काका? आवाज होऊ नये म्हणून?

आत काय झालं ते सांगते. सकाळी नऊ-साडेनऊला आजी नावं म्हणत होती. तेवढ्यात पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला. पायरीचा एक दगड हलतो, तो वाजतो. मी उठले तर आजीनं हात धरला. आम्ही वाट बघत राहिलो की आता वाजेल, आता वाजेल. दुपारपर्यंत वाजलं नाही. तेव्हा आजी हळूच म्हणाली, "तोच आहे. दुसऱ्या कुणी एव्हाना वाजवलं असतं." मग तिनं अकराच्या अकरा नावं पुन्हा पहिल्यापासून म्हटली, जरा मोठ्यानं. ऐकू गेली का तुम्हाला? बारावं आजोबांचं होतं. ते वहीत नाही, वही तुमच्याकडे होती ना. ते तिनं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

परवा आजीनं ते नाव वहीत तिच्या हातानं लिहिलं. डॉ. बिन्यामीन. अक्षर हललंय, पण ओळ सुटली नाही.

कहकशांनं आणि मी तुमच्या चार पानांच्या दुरुस्त्या काढल्या आहेत, सोबत जोडल्या आहेत. सतरा आहेत. पान ४७ वर गंगा काढून पणजोबांचं तेविसाव्या पानावरचं वाक्य घाला. आणि चर्चचा फोटो काढा. त्या जागी आजी म्हणते आमच्या दाराचा टाका.

आता आजीचा निरोप. मी शब्द बदललेले नाहीत:

"सुदर्शन, चिठ्ठीत एकही विनोद नव्हता, म्हणून ती मी ठेवून घेतली. पहिली माफी दुसऱ्याच्या नावानं होती, ती मी धरली नव्हती. दुसरी पत्रातून आली, पत्राला तोंड नसतं. तिसरी तू पायरीवर ठेवून पळालास. वही आली, माणूस बाहेरच राहिला. माझ्या वाटची माफी मी द्यायला बसले आहे, पण ती हातात द्यायची असते. डॉक्टरांची माझ्याकडे नाही. गेलेल्या माणसाची माफी दहा माणसांसमोर, मोठ्यानं मागायची असते. त्यांना तू छापून हसवलंस, तर छापूनच माग. तुझ्याकडे रविवार आहे, पाचशे शब्द आहेत, दहापेक्षा जास्त माणसं मिळतील.

"येताना दसऱ्याचं सोनं आण, वाळलेलं चालेल. दुपारी ये, जेवायला. दार लोटलेलं असेल, मला ऐकू कमी येतं. तेव्हा बाहेर बसून राहू नकोस. वाजव."

तुमची,
दिना